चार बोटं तेल

२ फेब्रुवारी

ही रोजनिशी लिहायला मला माझ्या दिराने भाग पाडलं. काल लेक, जावई आणि टाक्यांवरचा गडी होयबा असे सगळे बसलेले असताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, मासे म्हणजे नववीचा वर्ग नव्हे. डोळे वटारले म्हणून वाढत नाहीत." लेक हसली. मी हसले नाही. सगळी नोकरी मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि डोळे वटारल्यावर वाढलेली पुष्कळ मुलं पाहिली आहेत.

ठरलं ते असं. हे नोव्हेंबरात गेले. तेव्हापासून यांच्या माशांच्या टाक्या मी पाहते आहे. मेअखेरपर्यंत मासे सरासरी किलोभर झाले, अंगाने धड राहिले आणि थोरलीने, म्हणजे सगळ्यांत मोठ्या मादीने, अंडी दिली, तर टाक्या माझ्याकडेच, आणि मी इथेच. नाहीतर टाक्या भाऊजींकडे जातील (त्यांच्या स्वतःच्या टाक्या रस्त्यापलीकडेच आहेत) आणि मी लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावर. भाऊजी म्हणाले, "ही अट नाही हो वहिनी, काळजी आहे." मी म्हटलं, अटच असू दे. काळजीला मुदत नसते, ती संपत नाही.

ही वही कोणाला दाखवायची नाही. आपल्याजवळ पुरावा असला की पुरे.

संकल्प: रोज नोंद. रोज पाच वाजता उठणे. भावनेला थारा नाही.

थोडी सर्दी आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी

सहाला उठले. सर्दीमुळे.

पद्धत लिहून ठेवते. गिरणीतून कोरड्या खाद्याच्या गोळ्या येतात. त्या घमेल्यात घ्यायच्या, वरून माशाचं तेल सोडायचं, हाताने खालीवर करायचं, सावलीत पसरायचं, मग टाकीत. तेल निळ्या पिंपात असतं. शंभर भाग खाद्याला चार भाग तेल. होयबा इतकी वर्षं हे काम करतो आहे. त्याला खरं नाव आहे, पण कशालाही "हो" म्हणतो म्हणून यांनीच ते नाव पाडलं. मी त्याला विचारलं, प्रमाण चारच ना? हो म्हणाला. की पाच? हो म्हणाला.

त्याला एक नियम घालून दिला आहे. पिंप पूर्ण रिकामा करायचा नाही. तळाशी चार बोटं तेल राहिलं की थांबायचं आणि नवे डबे वरून ओतायचे. कोरड्या पिंपाला आतून गंज चढतो. कारण शास्त्रीय आहे.

पिंपावर खडूने लिहिलंय: "ओतलं, १४ नोव्हेंबर." ते पुसायचं नाही, हेही त्याला बजावलं. ती स्टॉकची नोंद आहे. वरून प्लास्टिकचा कागद चिकटवला.

९ फेब्रुवारी

जाळं फिरवून वजनं घेतली. सरासरी सहाशे ग्रॅमच्या वर. मेअखेर किलो म्हणजे हातचा मळ. भाऊजींना मुद्दाम सांगितलं नाही. कळेलच.

थोरली आपल्या वेगळ्या टाकीत मजेत. तिची लांबी माझ्या हाताएवढी आहे, आणि अंगावर मोठ्या खवल्यांची एकच ओळ, नाण्यांची माळ घातल्यासारखी. टाकीच्या काठावर अॅल्युमिनियमचा मग तीनदा वाजवला की वर येते आणि हातातून खाते. हे असं वाजवतात. वाजवायचे. माझ्या वाजवण्यालाही आली. मग तोच आहे, म्हणून. माशाला माणूस ओळखता येत असेल असं मला वाटत नाही.

लेकीचा फोन. "आई, रडतेयस का?" म्हटलं, सर्दी आहे. म्हणाली, डिसेंबरपासून? म्हटलं, हवा दमट आहे.

१७ फेब्रुवारी

नवा विचार. वाढ हवी तर ऊर्जा हवी, आणि ऊर्जा तेलात. प्रमाण चारावरून सहावर नेलं. होयबाला विचारलं, पटतंय का? हो.

माशाच्या तेलाची रचना आज फळ्यावर मांडावी तशी मनात मांडली. त्यात दुहेरी बंध फार. म्हणून ते इतकं गुणकारी आणि म्हणूनच इतकं नाजूक. हवा, ऊन, उजेड, धातू, काहीही लागलं की बिघडायला लागतं. होयबा झाकण उघडं टाकून गेला होता. त्याला उभं करून हे सगळं समजावलं. त्याचे डोळे मिटत होते. शेवटच्या बाकावरच्यांचे मिटत तसे.

१ मार्च

काही मासे काळपट दिसतात. काहींच्या पाठी बसल्या आहेत, डोकं मोठं आणि पाठ सुरीच्या कडेसारखी. असे थोडेच आहेत. सरासरीत ते धरले नाहीत. आजारी विद्यार्थ्याला परीक्षेला बसवत नाहीत. उरलेल्यांची सरासरी उत्तम.

दोष हवेच्या पंपाचा असणार. फुसफुसतो आहे. उद्या दुरुस्तीवाला.

२ मार्च

दुरुस्तीवाला म्हणाला, पंप ठणठणीत आहे. त्याचं वय पाहता त्याला अनुभव कमी. दुसरा बोलवावा.

८ मार्च, दुपारी

भाऊजी आले. न बोलावता. टाकीत वाकून पाहिलं, एक मासा हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि सोडला. मग खाद्याच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. "वहिनी, वास येतोय." मी म्हटलं, माशाचं तेल आहे, गुलाबपाण्याचा येणार का? "तसा नाही हो. रंगाच्या जुन्या डब्यासारखा." मी म्हटलं, मला तर काहीच येत नाही. ते म्हणाले, "तुमचं नाक चोंदलंय." हे मात्र खरं.

पिंप हलवायला त्यांनी हात पुढे केला आणि प्लास्टिकच्या कागदाखालचं खडूचं अक्षर त्यांना दिसलं. हात तसाच राहिला. म्हणाले, "दादाचं." एवढंच. मग बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले. तेल लागलेलंसुद्धा नव्हतं.

जाताना म्हणाले, माझ्याकडे कोरा पिंप पडून आहे, पाठवून देतो. मी म्हटलं, इथे पिंपांचा तुटवडा नाही. म्हणाले, "वहिनी, दादा दर खेपेला पिंप घासून, उन्हात वाळवून, तारीख पुसून नवी घालायचा." मी म्हटलं, ते मला माहीत नाही काय? त्यांनी चपला घातल्या. वादात मी सहसा हरत नाही.

१५ मार्च

माशांच्या डॉक्टरला बोलावलं. भाऊजींनी सुचवलं म्हणून नव्हे, माझ्याच मनात होतं. स्कूटरवरून उतरली ती माझी विद्यार्थिनी निघाली. प्रयोगशाळेत ओढणी जाळून घेतली होती तीच. मला पाहताच हेल्मेट पाठीमागे लपवलं आणि सरळ उभी राहिली. शिस्त टिकते.

तिने एक बारका मासा चिरला. लिव्हर पिवळट तपकिरी. म्हणाली, "बाई, हे तेलाचं दुखणं वाटतंय. खवट तेल पोटात गेलं की आधी अंगातलं व्हिटॅमिन ई खातं, मग पाठीचं मांस. म्हणून पाठी बसल्यात." मी म्हटलं, तेल गेल्या आठवड्यातलं आहे, डबे दाखवते. दाखवले. तिने डब्यांवरच्या तारखा वाचल्या. बरोबर होत्या.

मग म्हणाली, "बाई, पिंपातल्या तेलाचा वास घेऊन बघता? तुम्हीच विचारायचात, देवाने नाक कशाला दिलंय?" वर्गातलं वाक्य आठवतं म्हणजे लक्ष असायचं तर. मी म्हटलं, सर्दी आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. ती स्वतःही वास घेणार होती, पण मी झाकणावर हात ठेवला होता. मुद्दाम नाही. ठेवला होता.

सांगून गेली, पिंपातून तीन बाटल्या भरून पाठवा, वरची, मधली, तळाची. तपासून घेते. आणि तोवर तेल बंद.

१७ मार्च

नवे डबे आले ते ओतले आणि लगेच तिन्ही बाटल्या भरल्या. तिन्ही वरूनच घेतल्या. द्रव एकजीव असतो. वर, मध्ये, तळाशी हा केवळ उपचार, आणि तळ ढवळला तर उगाच गाळ उठतो. बाटल्यांवर चिठ्ठ्या मात्र तीन लावल्या, सुवाच्य अक्षरात.

तेल बंद करण्याचा सल्ला घेतला नाही. उपाशी ठेवून कोणी धडधाकट होत नाही.

२६ मार्च

रिपोर्ट आला. तेल उत्तम. तिन्ही बाटल्या पास.

मी आधीच म्हटलं होतं. भाऊजींकडे होयबाच्या हाती प्रत पाठवली. निरोप काय आला विचारलं, तर "हो" म्हणाला. त्याला कुठे काही विचारायची सोय नाही.

डॉक्टरचा फोन आला. रिपोर्टवर समाधान मानायचं सोडून विचारते, "बाई, तळाची बाटली तळातूनच होती ना?" मी म्हटलं, चिठ्ठी वाचता येते ना? ती गप्प झाली. नववीतही अशीच गप्प व्हायची, आणि पटलेलं नसायचं.

आनंद म्हणून थोरलीला खास खुराक सुरू केला. तळाचं तेल दाट आहे, मधासारखं. ते वरच्या पातळ तेलापेक्षा कसदार असणार हे उघड आहे. आणि ते तिच्यासाठीच आणलेलं होतं. हे त्या दिवशी डबे उतरवताना म्हणाले होते, "थोरलीचं बाळंतपण आहे यंदा, तेल चांगलं हवं." पिंप भरला, तारीख घातली, हात न धुता पलंगावर आडवे झाले. मी चादरीवरून बोलले. मग दवाखाना.

असो. पळीला काठी बांधून तळातून रोज दोन पळ्या. तिच्या गोळ्या वेगळ्या भिजवते, मी स्वतः. होयबावर ते काम सोडलेलं नाही.

तिने खाल्लं. माझ्या हातून.

६ एप्रिल

बसलेल्या पाठी वाढल्या आहेत. रोज सकाळी दोन-चार मासे उताणे तरंगतात. मरणाचं प्रमाण नैसर्गिक असावं. सरासरीत अर्थातच धरत नाही. आता सरासरी काढायला जाळं जरा जास्त फिरवावं लागतं, इतकंच.

पुस्तक काढून वाचलं. माशाच्या तेलातलं काही काढून तिथे जवसाचं तेल घातलं तरी अशा माशांना चालतं. ते साध्या चरबीपासून आपल्याला हवं ते थोडंफार बनवून घेतात. म्हणून जवसाचं तेल मागवलं आणि पिंपात ओतलं. व्हिटॅमिन ईच्या गोळ्याही आणल्या, फोडून घातल्या. आता सगळ्या बाजूंनी बंदोबस्त.

जवसाचं तेलही माशाच्या तेलाइतकंच हवेला हळवं असतं, असं त्याच पानावर खाली लिहिलंय. पण पिंपाला झाकण आहे.

१४ एप्रिल, संध्याकाळी

लेक आली. एकटीच. म्हणाली, तुझी खोली तयार आहे, खिडकीतून बाग दिसते. म्हटलं, तिथे मासे? म्हणाली, "आहेत की, फ्रिजमध्ये." हिचा विनोद बापाच्या वळणाचा.

चहा झाल्यावर खाद्याच्या खोलीत गेली ती बाहेर येईना. जाऊन पाहते तर पिंपासमोर उकिडवी बसलेली, प्लास्टिकच्या कागदावर बोट टेकवून, अक्षर गिरवत होती. म्हणाली, "आई, तळाशी बाबांनी ओतलेलं आहे ना अजून?" मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा आहे. तेल ओतणाऱ्याचं नसतं. म्हणाली, "मग काढून टाक." मी म्हटलं, गंज चढेल. "आई, पिंप प्लास्टिकचा आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. तिने पोळ्या केल्या. कच्च्या होत्या. खाल्ल्या.

१५ एप्रिल

ती पहाटेच गेली. जाताना दोन डझन रुमाल ठेवून गेली. सर्दीसाठी म्हणे.

नियम क्रमांक एकचं कारण दुरुस्त करते. पिंप कोरडा पडू देऊ नये, कारण वारंवार घासल्याने आतला गुळगुळीतपणा जातो. हेही शास्त्रीय आहे.

२२ एप्रिल

थोरली वर येत नाही. मग वाजवला. पुन्हा वाजवला. दुसऱ्यांदा आली, पण कडेने, तिरकी, भिंतीला धरून चालणाऱ्या माणसासारखी. तिची पाठ पाहिली. पाण्यामुळे वाकडं दिसतं, प्रकाशाचं वक्रीभवन, आठवीचा धडा. हात पाण्यात घालून पाहिलं. पाठ खरोखरच बसली आहे.

खुराक दोन पळ्यांवरून तीन केला. अशा वेळी अंगात ताकद हवी.

भाऊजी रस्त्याच्या कडेला उभे होते. आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. बराच वेळ उभे होते.

२४ एप्रिल

संकल्प: उद्यापासून थोरलीजवळ दर तासाला जाणे. डॉक्टरला फोन करणे. उद्या नक्की.

आज तिने दोनच गोळ्या घेतल्या. दुसरी थुंकली.

२५ एप्रिल, सकाळी

थोरली गेली.

२५ एप्रिल, दुपारी

क्रमाने लिहिते.

डॉक्टर आली. भाऊजीही आले, होयबाने बोलावलं असावं. थोरलीला पाण्यातून भाऊजींनीच काढलं, दोन्ही हातांवर, बाळाला आंघोळीनंतर उचलतात तसं. अंगणातल्या फरशीवर ठेवलं. पोटात अंडी होती. थोडी, आणि सुकलेली. लिव्हर गंजाच्या रंगाचं. डॉक्टर म्हणाली, बाकीच्यांपेक्षा हिचं फार जास्त आहे, आणि विचारलं, "हिला वेगळं काही दिलं जात होतं का?"

प्रश्न होयबाला होता. तो म्हणाला, हो. डॉक्टर म्हणाली, तेल? हो. पिंपातलंच ना, वरचं? हो. की तळाचं? हो. बिचारी थांबली. भाऊजी दुसरीकडे पाहू लागले. होयबाच्या साक्षीवर जगात कोणालाही दोषी ठरवता येणार नाही आणि कोणाला सोडताही येणार नाही. मला वाटलं, चला, यातून काहीच सिद्ध होत नाही.

माश्या यायला लागल्या.

मी म्हटलं, "तळाचं. मी देत होते."

डॉक्टर उठली, खाद्याच्या खोलीत गेली, बाही वर सारून पिंपात खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातून मूठभर वर काढलं. ते तेल नव्हतं. तार सुटत होती. डिंकासारखं, तपकिरी. मी म्हटलं, पण वरून सारखं नवं ओतत होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, खवट भांड्यात नवं तेल ओतलं की नवं खवट होतं. जुनं काही ताजं होत नाही."

वाक्य माझंच आहे. नववीचं. मार्क कापायला जागा नाही.

२६ एप्रिल

पिंप आडवा केला. होयबाला हात लावू दिला नाही. भाऊजींनी मागच्या बाजूला खड्डा खणून दिला, त्यात ओतलं. थोरलीही त्यातच. मग साबण, सोडा, गरम पाणी, पुन्हा साबण. पिंपात कंबरेपर्यंत शिरून घासला.

आत वास आला. नीट आला. रंगाच्या जुन्या डब्यासारखा, भाऊजी म्हणाले होते तसाच. त्याखाली दुसराही एक होता, यांच्या शर्टाला यायचा तो. बराच वेळ आतच होते. भाऊजी बाहेरून म्हणाले, "वहिनी, झालं असेल तर या बाहेर." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नसेल झालं तर असू दे."

उन्हात ठेवला. बाहेरची बाजू धुतली नाही.

१० मे

नवं तेल, थोडंच, झाकणाच्या छोट्या डब्यात. दर आठवड्याला नवा डबा. व्हिटॅमिन ई डॉक्टरने लिहून दिलं त्या मापाने. प्रमाण पुन्हा चारावर. सकाळी उताणे तरंगणारे थांबले. पाठी भरायला वेळ लागेल, काही भरणारही नाहीत.

आज सरासरीत सगळे धरले. वाकडे, बारके, सगळे. आकडा लिहीत नाही. किलोच्या जवळपासही नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मे महिन्याचं सोडा हो. तुम्ही राहा. मी येऊन-जाऊन बघेन, तुम्ही हिशेबाला बसा, होयबाला ओरडा. त्याला सवय आहे." होयबा म्हणाला, हो. यावेळी विचारलेलं नसतानाही म्हणाला.

मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. पोरांना आयुष्यभर तेच शिकवलं. भाऊजी म्हणाले, "पोरं तुमचं सगळं कुठे ऐकायची?" याला उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

२० मे

सुचलं नाही.

संकल्प: तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर वाचन. जिन्याने चढ-उतार. खिडकीतली बाग बघणे. आजपासून भावनेला थारा नाही. हा संकल्प आधी केलेला दिसतो. पुन्हा केला.

३१ मे, संध्याकाळी

काठावर बसले होते. मग हातात होता. मोकळ्या टाकीवर वाजवला नाही. वाजवला असता तर कोण येणार. तरी पाण्याकडे बघत होते.

बाजूच्या टाकीतले बारके मासे मात्र वर आले. ओळीने. नुसता मग हातात दिसला म्हणून. त्यातल्या एकीच्या अंगावर मोठ्या खवल्यांची ओळ आहे. हिला आधी पाहिलं नव्हतं. आजाऱ्यांत मोजली असणार.

१ जून, सकाळी

भाऊजींच्या ताब्यात दिलं ते:

टाक्या, मोठ्या तीन, माशांसह. त्यांत वाकड्या पाठीचे बरेच. त्यांना वेगळं काढू नये, असं सांगितलं.

थोरलीची टाकी, पाणी भरलेली. मोठ्या खवल्यांच्या ओळीवाली बारकी काल संध्याकाळी तिच्यात सोडली आहे. हातातून अजून खात नाही. घाई करू नये.

हवेचे पंप, सगळे चालू. दोष कशातच नव्हता.

जाळी, घमेली, वजनकाटा, किल्ल्या.

अॅल्युमिनियमचा मग, पोचा आलेला. तीनदा वाजवायचा. भाऊजी म्हणाले, माहीत आहे. म्हणाले, तुम्ही न्या हा. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर कोणाला वाजवू?

होयबा. आम्हांला सोडून जाता का असं त्याने विचारलं नाही. मीच विचारलं, नीट राहशील ना? हो म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

सर्दी आहे. ती या यादीत नाही.

पिंप, निळा, एक. रिकामा. आतून घासलेला, वाळवलेला. बाहेरूनही आज सकाळी मीच पुसला. खडू वर ठेवला आहे. तारखेची जागा मोकळी आहे.